बांधाबाहेरचं घर

आमच्या घरमालकाने आर्नहेममधलं घर विकायला काढलं, त्या वर्षीची ही हकिकत. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही. भाड्याच्या घरांचे नियम बदलले होते, कर वाढला होता, आमच्या गल्लीतल्या आणखी दोन मालकांनीही तेच केलं होतं. तो आला, चहा प्यायला, मी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांबद्दल एक शब्द बोलला नाही आणि करार मार्चअखेर संपतोय एवढी आठवण करून देऊन गेला. तोपर्यंत दुसरं घर मिळेलच असं आम्ही गृहीत धरलं. नवरा वीज कंपनीत इंजिनिअर, मी घरून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे, मुलगी नऊ वर्षांची. घरात सिगरेट नाही, कुत्रं नाही, पार्ट्या नाहीत. असे भाडेकरू कोणाला नको असतात?

बऱ्याच जणांना नको असतात, असं दिसलं. प्रत्येक घर बघायला रस्त्यापर्यंत रांग. एजंट पगाराच्या स्लिपा मागून घ्यायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. एकाने घर दाखवता दाखवता मला विचारलं, "स्वयंपाक रोज करता का?" मी हो म्हटलं. ते घर गेलं. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र डचमध्ये देते. त्या दिवशी सायकलवरून परतताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी नाही म्हण, आई. आम्ही ब्रेड खातो असं सांग."

शेवटी नवऱ्याला नदीकाठचा तो पार्क सापडला. सुट्टीत येणाऱ्या लोकांसाठी उभारलेली छोटी लाकडी घरं. इथे त्यांना शॅले म्हणतात. आमच्या शॅलेत दोन खोल्या, एक ओटा आणि दाराशी तीन पायऱ्या. भिंती इतक्या पातळ की कुकरची शिट्टी झाली की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायचा. शेजारी तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे कोणाचे तरी घोडे चरायचे.

जागा कशी होती ते सांगायला हवं. ऱ्हाईनला दोन्ही बाजूंनी उंच, गवताळ मातीचे बांध आहेत. बांधावरून रस्ता जातो, लोक सायकली चालवतात, त्याच्या पलीकडे खाली शहर. अलीकडे, बांध आणि नदी यांच्यामध्ये सखल कुरणाची पट्टी असते. नदी फुगली की पाण्याला पसरायला मोकळी जागा हवी म्हणून ती तशीच ठेवलेली. आमचा पार्क त्या पट्टीतल्या एका जरा उंचवट्यावर होता. म्हणजे बांध आमच्यासाठी नव्हताच. तो आमच्या मागे होता.

पार्कच्या व्यवस्थापकाने किल्ली देताना सांगितलं, "हिवाळ्यात पाणी येतं, तेव्हा आम्ही बंद ठेवतो. उन्हाळ्यात नदी झोपलेली असते."

पुण्यात वाढलेल्या माणसाला पुराची भीती कशी असते हेच नीट माहीत नसतं. धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद व्हायचा आणि आम्ही कॉलेजची पोरं पुलावर उभं राहून भाजलेलं कणीस खात ते बघायचो. पूर म्हणजे माझ्या लेखी बघायला जायची गोष्ट.

खरी अडचण वेगळी होती. या पार्कात कायमचं राहायला परवानगी नव्हती, त्यामुळे तिथला पत्ता नगरपालिका नोंदवून घ्यायची नाही. आणि या देशात नोंदलेला पत्ता नसेल तर माणूस नसल्यातच जमा. व्हिसा, बँक, डॉक्टर, सगळं त्या पत्त्याला टांगलेलं असतं. तेव्हा मला पहिली आठवण झाली ती अॅमस्टरडॅमजवळ डीमन गावात राहणाऱ्या मैत्रिणीची.

आम्ही दोघी एकाच वर्षी या देशात आलो होतो, अॅमस्टरडॅमजवळच्या एकाच इमारतीत, समोरासमोरच्या खोल्यांत. तिच्या बाळंतपणाच्या वेळी तिच्या आईला व्हिसा नाकारला गेला. मी रजा टाकली आणि मुलीला घेऊन तिच्याकडे राहायला गेले. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, सगळं केलं. माझ्या आईला फोन लावून एकेक गोष्ट विचारत केलं. मैत्रिणीला ताप आला त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन मी बसले होते. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. इथेही लिहायचं नव्हतं, पण मग पुढचं कळणार नाही.

मी फोन केला तेव्हा ती लगेच म्हणाली, "अगं, पत्ता काय मागतेस? माझं घर ते तुझं घर. टाक नाव." आठवड्याभरात आम्ही तिघं कागदोपत्री डीमनला राहायला गेलो.

नवऱ्याला ते पटलं नव्हतं. "हे नियमात बसत नाही," तो दोन-तीनदा म्हणाला.

"मग नियमात बसणारं घर शोध," मी म्हटलं. तो संध्याकाळी शॅलेच्या पायरीवर बसून मोबाइलवर घरांच्या जाहिराती बघत राहायचा.

पलीकडच्या शॅलेत, ज्या कुत्र्याला आमच्या कुकरचं वावडं होतं त्याची मालकीण राहायची. साठीच्या पुढची, टिलबर्गची, आयुष्यभर केस कापायचं दुकान चालवलेली. आवाज मोठा, बोटांत कायम सिगरेट. घटस्फोटानंतर ती इथे आली आणि इथलीच झाली. हिवाळ्यात पार्क बंद झाला की महिना-दोन महिने कुठे तरी जायची आणि पाणी उतरलं की परत. तिचं नाव टिलबर्गला मुलाच्या घरच्या पत्त्यावर नोंदलेलं होतं. "आपण दोघी कागदावर दुसरीकडेच राहतो, मुली," ती मला म्हणायची आणि खोकत हसायची. शाळा सुटल्यावर आमची मुलगी तिच्या कुत्र्याला बांधावर फिरवून आणायची. तिने मुलीचे केसही कापून दिले, पायरीवर बसवून, गळ्याला टॉवेल गुंडाळून. पैसे घेतले नाहीत. भजी मात्र मागून घेतली.

त्या हिवाळ्यात आल्प्समध्ये खूप बर्फ पडला होता. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक स्कीइंग करून आले आणि छपरापर्यंत बर्फ साचलेल्या घरांचे फोटो दाखवत होते. मग मे महिन्यात एकाएकी उकडायला लागलं. नदी रोज थोडी थोडी चढायला लागली. पाण्याचा रंग बदलून राखाडी झाला, आणि ते इतकं गार की मुलीने एकदा हात घातला तो काकडत बाहेर काढला. शेजारीण रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन काठापर्यंत जायची.

"वितळतंय तिकडे," ती म्हणाली. "नुसतं वितळून काही होत नाही. पण आता वर पाऊस पडला तर सांगता येत नाही."

पाऊस पडला. जर्मनीत सलग तीन-चार दिवस. मग आमच्याकडे वादळ आलं.

वसंतातलं वादळ हिवाळ्यातल्यापेक्षा वाईट, हे मला तेव्हा समजलं. झाडांना नवी पानं फुटलेली असतात, वारा त्यांत भरतो आणि अख्खं झाड शिडासारखं ओढलं जातं. गुरुवार होता, जोडून सुट्ट्या आलेल्या, त्यामुळे आम्ही तिघंही घरी. सकाळी कुंपणापलीकडचा एक पॉप्लर वृक्ष मोडून रिकाम्या शॅलेवर पडला. वीज गेली. घोडे आदल्याच दिवशी बांधापलीकडे नेले होते. त्यांच्या कुरणात आता पाणी होतं आणि त्यावर तुटलेल्या फांद्या तरंगत होत्या.

दुपारच्या सुमारास व्यवस्थापक गुडघ्यापर्यंतचे बूट घालून दारोदार फिरला. "गॅस बंद करा, गाड्या बांधावर न्या, चार वाजेपर्यंत सगळे बाहेर. वरून येणारं पाणी उद्या पोचेल."

"घरात शिरेल?" नवऱ्याने विचारलं.

"कदाचित शिरेल, कदाचित नाही. शिरलं तर तुम्ही आत नको."

काय घ्यायचं हे ठरवताना माझं डोकं चालेना. पासपोर्ट घेतले, देव घेतले, लॅपटॉप घेतले. मिक्सर वरच्या फळीवर ठेवला. गाद्या टेबलावर चढवल्या. मुलीने तिचं दप्तर भरलं आणि शेजारणीच्या कुत्र्याला धरायला गेली, कारण वाऱ्याच्या आवाजाने तो पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. शेजारीण त्याला शिव्या घालत, स्वतः रडत सामान भरत होती. इतक्या वर्षांत मे महिन्यात कधी निघावं लागलं नव्हतं, असं तिचं चाललं होतं.

शहरात एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये नगरपालिकेने सोय केली होती. नारिंगी जाकीट घातलेल्या बाईंनी दारातच आमची जन्मतारीख विचारली, संगणकावर बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"तुमचं घर डीमनला आहे की! मग काळजीच नाही. इथे खाटा कमी आहेत, ज्यांना दुसरं घर नाही त्यांना आधी देतोय. तुम्ही सुट्टीला आला होतात ना? वाईट वाटलं, सुट्टी खराब झाली."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. आम्ही घरी जातो."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "हॉटेल बघू." बघितलंही. सुट्ट्यांमुळे जवळपास सगळं भरलेलं, उरलेल्यांचे भाव ऐकून तोंड कडू व्हावं असे. पण खरं सांगायचं तर ते मिळालं असतं तरी मी ऐकलं नसतं. "आपलं माणूस असताना हॉटेल कशाला?" मी म्हणाले. हे वाक्य मी त्या दिवशी अगदी छातीठोकपणे म्हणाले होते.

मी मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आज? म्हणजे... या ना. या. आज जरा लोक आहेत घरी, पण या."

रस्त्यावर जागोजागी फांद्या पडलेल्या, गाडी वाऱ्याने बाजूला सरकायची. डीमनला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिने दार उघडलं, मला मिठी मारली आणि मिठीतच कानात म्हणाली, "नदीबिदीचं काही बोलू नकोस हं आत. लोक उगाच शंभर प्रश्न विचारतात."

आत तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली चार मराठी कुटुंबं जमली होती. पावभाजीचा वास सुटला होता. तिने आमची ओळख करून दिली, "माझी जुनी मैत्रीण, आर्नहेमला असते. वीकेंडला सहज आलेत." मी ओल्या सॉक्सनी तिच्या गालिच्यावर उभी होते. देवांची पिशवी माझ्या हातात होती. ती कुठे ठेवू असं विचारायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून जेवणं होईपर्यंत ती मी मांडीवर घेऊन बसले. कोणी तरी विचारलं, "तुमच्याकडे वादळ जोरात होतं का?" नवरा म्हणाला, "हो, थोडंफार." मग बोलणं घरांच्या किमतींवर गेलं. कोणी कुठे घर घेतलं, केवढ्याला घेतलं, आता केवढ्याचं झालं. नवरा भाजीत पाव बुडवत होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

पलीकडच्या खोलीत मैत्रिणीच्या मुलाने, ज्याला मी न्हाऊ घातलं होतं त्याने, आमच्या मुलीला डचमध्ये विचारलं, "तुमचं घर बुडालं का? बाबा आईला म्हणत होते."

"बुडालं नाही," आमची म्हणाली. "पाण्यात उभं आहे."

सकाळी चहाच्या वेळी मैत्रिणीचा नवरा माझ्या नवऱ्यासमोर येऊन बसला. माणूस वाईट नाही, आवाज कधी चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"अरे, कसं सांगू. आमचा इथल्या पासपोर्टचा अर्ज गेलाय. या टप्प्यावर पत्त्याची भानगड नको आहे. कोणी तपासायला आलं की इथे नक्की कोण कोण राहतं, तर काय दाखवणार?"

"आत्ता आले तर बरंच की," मी म्हणाले. "आत्ता आम्ही खरंच इथे राहतोय."

तो हसला नाही. "वहिनी, तुम्ही चेष्टा करताय, पण माझी खरंच झोप उडालीये. महिनाअखेर नावं काढून घ्या, प्लीज. आणि रविवारी माझे काका-काकू येतायत लंडनहून. त्यांना ती खोली लागेल."

"रविवारपर्यंत आम्ही थांबत नाही," नवरा म्हणाला. "आजच निघतो."

"अरे, आज म्हणजे लगेच असं नाही म्हणत मी."

पण म्हणत तो तेच होता. त्याने थांबायचा आग्रह केला नाही. कप उचलून ओट्यापाशी नेऊन ठेवला.

मैत्रीण भांडी विसळत होती. मी जवळ गेले तेव्हा पाण्याचा आवाज चालू ठेवूनच ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. माझं काही चालत नाही त्याच्यापुढे." मला विचारायचं होतं की तू चालवून बघितलंस का. मी विचारलं नाही. निघताना तिने रात्रीच्या पावभाजीचा डबा भरून दिला, वर पाव वेगळ्या पिशवीत. मी घेतला. संध्याकाळी आम्ही ती खाल्लीही. चांगली झाली होती.

परत आर्नहेमला आलो तेव्हा वादळ ओसरलं होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं. नवऱ्याने गाडी बांधावर घेतली. तिथे जत्रा होती. लोक सायकली आडव्या टाकून उभे, पोरं खांद्यावर, कोणी आइस्क्रीम खातंय. नदी एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पसरली होती, तिला मध्ये काठ म्हणून उरलाच नव्हता. पिवळट राखाडी पाणी, त्यातून ओंडके वाहत चाललेले, कुंपणाच्या खांबांची फक्त टोकं वर. आणि मधोमध आमचा पार्क, पाण्यात बसल्यासारखा. आमचं शॅले मी खिडकीच्या पडद्यावरून ओळखलं. तो पडदा मी जुन्या साडीचा शिवला होता. तीनपैकी दोन पायऱ्या पाण्याखाली होत्या.

माझ्या शेजारी एक गृहस्थ मोबाइलवर फोटो काढत होते. ते बायकोला डचमध्ये म्हणाले, "नदीत घर बांधायचं आणि मग सरकारने वाचवायचं. मूर्ख लोक." बायको म्हणाली, "कोण राहत असेल बाई तिथे?"

मला डच समजतं हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीला तर माझ्यापेक्षाही चांगलं समजतं. तिने माझा हात सोडला आणि गाडीत जाऊन बसली.

खेळाच्या हॉलच्या दारात त्याच बाई होत्या, तेच नारिंगी जाकीट. "तुम्ही डीमनला गेला होतात ना?"

"गेलो होतो," नवरा म्हणाला. "पण तिथे... पाहुणे आहेत."

"तुमच्या घरी?"

"हो."

"तुमच्या घरी पाहुणे आहेत म्हणून तुम्हाला इथे झोपायचंय?" त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसता गोंधळ होता. त्या परत संगणकात बघायला लागल्या.

मुलगी पुढे झाली. स्वच्छ, शाळेत उत्तर देतात तशा आवाजात ती म्हणाली, "आम्ही डीमनला राहत नाही. आम्ही पार्कमध्ये राहतो, घोड्यांच्या कुंपणाजवळच्या घरात. मार्चपासून. डीमनला फक्त आमचं नाव आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. बराच वेळ काही तरी टाइप केलं. "ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला तीन खाटा लागतील." खाटा दिल्या, उशा दिल्या, मुलीला सफरचंद दिलं. एक कठोर शब्द काढला नाही.

हॉलमध्ये शेजारीण होतीच, बास्केटबॉलच्या जाळीखाली, पायाशी कुत्रा. मुलाचं घर सुट्टीत बंद आहे असं सांगून तिने खाट मिळवली होती. आम्हाला बघून तिने हात हलवला आणि आपल्या शेजारच्या खाटांवरचं सामान उचललं. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "इथे सगळे घोरतात." दोन-तीन दिवस आम्ही तिथे काढले. मुलगी सगळा वेळ कुत्र्याजवळ असायची.

पाणी शेवटी आमच्या घरात शिरलंच नाही. तिसऱ्या पायरीला लागलं, तिथे थांबलं आणि उतरलं. परत गेलो तेव्हा सगळीकडे गाळ होता, कुजक्या गवताचा वास होता, दारापासून सुटलेल्या लाकडी पायऱ्या वाहून लांब कुंपणात अडकल्या होत्या. पण आत टेबलावरच्या गाद्या कोरड्या, मिक्सर फळीवर, डाळ-तांदळाचे डबे जिथल्या तिथे. नवऱ्याने पायऱ्या ओढून आणल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या. नदीने आमचं एक भांडंसुद्धा नेलं नाही.

जूनमध्ये नगरपालिकेची दोन माणसं आली, एक बाई आणि एक तरुण. बूट पुसून आत आले. फार सभ्य. फ्रिजवरचं शाळेचं वेळापत्रक बघितलं, मसाल्याचा डबा बघितला, बाथरूममध्ये डोकावले. "तुम्ही इथे सुट्टीसाठी नाही, राहायला आहात," बाई म्हणाल्या. ते विचारणं नव्हतं. शाळेची उन्हाळी सुट्टी संपायच्या आत जागा सोडा, आणि डीमनची नोंद चुकीची आहे ती काढावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मुलगी शाळेत होती, एवढंच बरं.

मग ते पायऱ्या उतरले आणि पलीकडच्या दाराकडे वळले. मी खिडकीतून बघत होते. पार्कातल्या प्रत्येक दारावर ते गेले, पण शेजारणीकडे सगळ्यांत जास्त वेळ थांबले.

ते गेल्यावर ती आमच्या दाराशी आली. पायरी चढली नाही. सिगरेट पेटलेली नव्हती, नुसती बोटांत होती.

"त्यांना कसं कळलं, माहिती आहे तुला? हॉलमध्ये कोणी तरी सांगितलं म्हणे, की लोक इथे कायमचे राहतात. एवढी वर्षं कोणी फिरकलं नव्हतं."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी तिथेच होते. ऐकलं मी. तेव्हा वाटलं, पोर आहे, कोण लक्ष देतंय."

"ती खरं तेच बोलली," मी म्हणाले. "आम्हाला झोपायला जागा नव्हती."

"हो, छान शिकवलंत तिला खरं बोलायला," ती म्हणाली. "आता मी कुठे जाऊ ते पण विचार तिला. मुलाकडे? त्याची बायको मला कुत्र्यासकट दारात उभं करत नाही."

मी तिला आत बोलावलं. चहा घे म्हटलं. ती वळली आणि गेली. तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. मुलगी शाळेतून आली होती आणि रोजच्यासारखी कुत्र्याचा पट्टा घ्यायला पलीकडे धावली. शेजारणीने दार उघडलं नाही. मुलगी टकटक करत राहिली. कुत्रा आतून भुंकत होता. मी जाऊन तिला घेऊन आले.

"ती झोपली असेल," मी म्हटलं.

"तो भुंकतोय, म्हणजे ती जागी आहे," मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी सांगितलं म्हणून?"

नवरा म्हणाला, "तू अगदी बरोबर केलंस." ते त्याने मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग डचमध्येही. तिने ते तिन्ही भाषांत ऐकून घेतलं आणि गृहपाठ काढला. कुत्र्याला फिरवायला ती नंतर गेली नाही.

ऑगस्टमध्ये आम्हाला टिलबर्गला एका दुकानावरचा फ्लॅट मिळाला. भाडं झेपेल त्याच्या पलीकडचं आहे, पण नाव दारावर आहे. नवरा रोज ट्रेन बदलत आर्नहेमला जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो. मुलीची शाळा बदलली. आम्ही निघालो त्या दिवशी शेजारणीचे पडदे ओढलेले होते. ती पुढे कुठे गेली ते कळलं नाही. व्यवस्थापकाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, शॅले विकलं, कुत्र्याचं माहीत नाही.

मैत्रिणीला पासपोर्ट मिळाला. तिने ग्रुपवर फोटो टाकला, शंभर लोकांनी अभिनंदन केलं, मीही केलं. गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भेटली तेव्हा लांबून हाक मारत आली. "अगं किती दिवसांनी! घरी येत जा की आता, एवढं काय ते." एवढं काय ते. मी म्हणाले, "येऊ." तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून टिलबर्गमधल्या घरांच्या किमती विचारत होता. आरती सुरू झाली म्हणून बोलणं थांबलं.

परवा मुलीला नव्या पोहण्याच्या वर्गात घालायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून तिलाच विचारलं, "तू कुठे राहतेस?" माझी मुलगी या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांची असल्यापासून देत आली आहे, रस्त्यासकट, घरनंबरासकट. या वेळी तिने आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवेपर्यंत थांबून राहिली.